बाराव्या सम्राटाचं विरजण

वडनेर भोलजीत वाहेद पिंजाऱ्याला कोणी गप्प बसलेलं पाहिलं असेल, तर त्यानं खुशाल पुढं यावं. असा माणूस सापडायचा नाही. कापूस पिंजायचं मशीन सुरू झालं की शेजारी उभ्या माणसानं बोंब मारली तरी ऐकू येत नाही, पण वाहेदचं बोलणं तेव्हाही रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला ऐकू जातं. रस्त्याच्या कडेला दुकान, पुढं गाद्यांची चळत, मागं मशीन आणि मशीनच्या मागच्या दारातून घर. भुवयांवर, मिशीवर, कानाच्या पाळीवर रुई बसलेली. पन्नाशी उलटून गेली, पण पांढरे केस कुठले आणि रुई कुठली हे आता त्याच्या बायकोलाही सांगता येत नाही.

आणि मतं म्हणाल तर विचारू नका! कापूस यंदा पिवळा का पडला, नांदुऱ्याची बस का चुकते, फोमच्या गादीवर झोपणाऱ्याची कंबर का धरते, सगळ्याचं कारण वाहेदकडे तयार. ठाऊक नसलं तर तो तिथल्या तिथं बनवून देई, आणि खरं सांगायचं तर ते खऱ्या कारणापेक्षा ऐकायला बरं असे. लोक हसत, पण चहा संपेपर्यंत ऐकत. फोमवर त्याचा विशेष राग. दुकानात विकायला ठेवी, पण घरात येऊ देत नसे. तो स्वतः त्याच्या वारलेल्या आईच्या गादीवर झोपे. दर दोन-तीन वर्षांनी ती उसवायची, हातानं मोकळी करायची, चार मुठी नवा कापूस घालून पुन्हा भरायची. ती गादी त्यानं मशीनला कधी दाखवली नाही.

अशा माणसाच्या हाती ‘बारावा सम्राट’ पडला. मग काय विचारता!

ही परदेशातली मालिका, हिंदीत डब केलेली. वाहेदला ती दाखवली मयुरीनं. मयुरी म्हणजे पंजाबरावची मुलगी, नांदुऱ्याच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायला बसणारी. आणि पंजाबराव म्हणजे ग्रामपंचायतीतर्फे गावाला पाणी सोडणारा माणूस, वाहेदचा लंगोटीयार. दोघे एका शाळेत एका बाकावर बसले, एकाच मास्तरचा मार खाल्ला, आणि तेव्हापासून आजतागायत कुठल्याही गोष्टीवर दोघांचं एकमत झालेलं नाही. दोस्ती टिकली ती बहुधा त्यामुळंच.

मालिकेची गोष्ट अशी. फार दूरच्या एका ग्रहावर एक सम्राट राज्य करतो, आणि तो मरतच नाही. म्हणजे मरतो, पण म्हातारा झाला की त्याच्याच मांसाच्या कणातून दुसरा सम्राट वाढवतात. हुबेहूब तोच, नाकाडोळ्यानं, गालावरच्या तिळासकट. फक्त डोकं कोरं. मग राज्याभिषेकाच्या दिवशी निळ्या कपड्यातली एक म्हातारी दाई काचेची कुपी घेऊन येते. त्या कुपीत आधीच्या सगळ्या सम्राटांच्या आठवणी. त्या नव्याच्या कानात ओतल्या की झालं, तोच राजा पुन्हा सिंहासनावर.

असे अकरा होऊन गेले. आता बारावा बसलाय आणि त्याचं काहीतरी बिनसलंय. जुना सेनापती लढाईतली गोष्ट काढतो, ह्याला आठवत नाही. स्वतःच्या घोड्याचं नाव चुकतो. आणि मधूनच असं काहीतरी करतो, जे अकरांपैकी एकानंही कधी केलं नव्हतं. हे असं का होतंय, ह्यावर देशोदेशीचे लोक मोबाईलवर तर्क लढवत बसले होते. मयुरी ते व्हिडिओ आणून दाखवी. वाहेदनं दोन-चार पाहिले आणि म्हणाला, “हे लोक इतकं बोलून राह्यले, त आपन काऊन मागं राह्याचं?”

दर शुक्रवारी नवा भाग येई. जुम्म्याची नमाज झाली, जेवणं झाली, की वाहेद मशीन बंद करी आणि टीव्ही गाद्यांच्या चळतीवर चढवी. पंजाबराव व्हॉल्व्ह बंद करून, हात पॅन्टला पुसत हजर होई. मयुरीला सुट्टी असली तर तीही येई. वाहेदची बायको सलीमा खोळी शिवता शिवता शिलाई मशीनवरूनच पाही.

“कुपी खाली हाये, रिकामी!” वाहेद मांडी ठोकून सांगे. “पाचव्या राजाच्या वक्तीच सांडली ते. तवापासून कोनाच्या कानात काई पडलं नाई. राजे नुसते आठवल्याचं सोंग करून राह्यले, अन् परजा माना डोलवून राह्यली.”

“तुह्या टाळक्यासारखी खाली नाई ते,” पंजाबराव म्हणे. “काठोकाठ भरली हाये. अकरा जनाचं एकाच्या डोक्यात कोंबलं, त नेमकं पाह्यजे ते हाती लागत नाई. हंडा लय भरला त सांडतेच ना बे!”

“सांडते का भरते, एक काय ते सांग!”

“तू सांग, खाली कुपी घेऊन अकरा राजे चालले कसे?”

“जसं आपलं गाव चालते तसे!”

ह्यावर चहावाला पलीकडून हसे, आणि वाहेदला जिंकल्यासारखं वाटे.

सलीमाचं तिसरंच होतं. सलीमा सोनाळ्याची. घरात नवराबायकोची बोली उर्दूकडची, पण सोनाळ्यात सगळा शेजार वऱ्हाडी, म्हणून चिडली की ती वऱ्हाडीत चिडे. आणि वाहेदशी बोलताना ती बहुतेक चिडलेलीच असे.

“तुमी दोघंबी कुपीकडं पाहून राह्यले,” एके शुक्रवारी ती सुईत दोरा ओवत म्हणाली. “दाईकडं कोनी पाह्यलं का? बारावा राजा शाल कशी घडी करते, ते पाहा. कोपऱ्यात कोपरा घालते अन् छातीशी धरून दाबते. राजे कधी घड्या करतात का? ते घडी दाईची हाये. दाईनं कुपीत आपलंच भरलं.”

दोघे पुरुष पोट धरून हसले. “नोकरानीची आठवन राजाच्या डोक्यात!” पंजाबराव डोळे पुसत म्हणाला. “भाभी, तुमी चहा ठेवा.” सलीमानं चहा ठेवला नाही. त्या दिवशी दोघांना पलीकडून मागवून प्यावा लागला.

आता विरजणाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

वाहेदचा बाप गफूरभाई खांद्यावर धुनकी, म्हणजे कापूस पिंजायचं धनुष्य, घेऊन घरोघर फिरे आणि अंगणात बसून कापूस पिंजे. ती धुनकी आज दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली आहे. गफूरभाईचा एक नेम होता. नवी गादी भरायची तर त्या घरच्या जुन्या गादीतली मूठभर रुई आधी काढून घ्यायची, ती नव्या खोळीच्या पोटात सगळ्यात पहिल्यांदा टाकायची, आणि मग बाकीचा कापूस. त्याला तो विरजण म्हणे. दुधाला लागतं तसं झोपेलाही लागतं, असं त्याचं म्हणणं. पोरगी सासरी निघाली की तिच्या आंदणातल्या गादीत माहेरच्या गादीचं विरजण जाई. ते टाकायचं घरातल्या वडील बाईनं, स्वतःच्या हातानं. मग परक्या घरात पहिल्या दिवसापासून पोरीला झोप लागते.

मशीन आलं, फोम आला, आणि हा नेम गावातून उठला. राहिलं ते एक पंजाबरावचं घर. त्याच्या दोन्ही बहिणी त्या विरजणावर गेल्या, पुतणी गेली. पंजाबरावला ह्याचा भारी अभिमान. “आमच्या घरची रुई सात पिढ्यांची हाये,” तो कुठल्याही पाहुण्याला छाती काढून सांगे. “म्हून तर आमच्या पोरी कोठंबी नांदतात.” तो हे सांगू लागला की त्याची म्हातारी माय केसरबाई हटकून उठे आणि माठात पाणी आहे का ते पाहायला आत जाई. गावाला पाणी सोडणाऱ्याच्या घरात माठ रिकामा कसा असेल? पण हे कोणाच्या कधी ध्यानात आलं नाही.

उन्हाळ्यात मयुरीचं लग्न ठरलं. मुलगा मेहकरकडचा, मोठ्या अदबीचा. पंजाबरावनं घरातली जुनी गादी डोक्यावरून आणून वाहेदच्या दुकानात टाकली. “विरजण काढून ठेव. बाकीची रुई पिंजून मायसाठी पातळशी गादी कर. शेवटची पोर हाये घरातली. माय सोता येनार हाये विरजण टाकाले.”

“मले शिकवतं का बे?” वाहेद म्हणाला. “बापापासून करून राह्यलो.”

विरजण आधी हातानं काढायचं, फडक्यात बांधायचं, भिंतीच्या फळीवर ठेवायचं आणि मगच गादी मशीनकडे न्यायची, हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. पण तो शुक्रवार होता. शेवटून दुसरा भाग नुकताच संपला होता. मलकापूरच्या एका लॉजची जुन्या गाद्या पिंजून भरायची ऑर्डर होती, टेम्पोवाला सारखा फोन करत होता, म्हणून वाहेदनं लगेच मशीन सुरू केलं. पंजाबराव समोर उभा राहून वाद घालत होता. कुपी भरलेली नसेल तर बाराव्याला आपल्या आईचं स्वप्न कसं पडलं, ह्या मुद्द्यावर त्यानं वाहेदला कोंडीत पकडलं होतं, आणि वाहेद मशीनवर ओरडून त्याला उत्तर देत होता. हातानं खोळी उसवत होता, हातानंच रुई मशीनच्या तोंडात देत होता, आणि तोंडानं पाचव्या सम्राटाची कुपी सांडत होता. लॉजचा कापूस संपला, तसा हात शेजारच्या गादीकडे गेला. शेजारची गादी कोणाची, हे पाहायला डोळे रिकामे कुठं होते? ते पंजाबरावकडे लागले होते.

दुसऱ्या दिवशी सलीमानं फळी झाडायला घेतली. “विरजणाचं गाठोडं कोठी ठेवलं?” तिनं विचारलं.

वाहेदनं फळीकडे पाहिलं. मग कोपऱ्यात पडलेल्या रिकाम्या, जुन्या, निळ्या पट्ट्यांच्या खोळीकडे पाहिलं. तो गाद्यांच्या चळतीवर मटकन बसला.

टेम्पो गाद्या उतरवून केव्हाच परत आला होता. आणि लॉजवर जाऊन तरी काय करणार? पिंजलेल्या रुईला ओळख नसते. एकदा मशीनमधून गेली की कुठली बाजीरावाची आणि कुठली भिकाऱ्याची, सगळी सारखी पांढरी. पिंजाऱ्याच्या हातून ह्यापेक्षा मोठी चूक होऊ शकत नाही, आणि पिंजाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून ही चूक होणारही नाही.

पण वाहेद तो वाहेदच. तासाभरात त्याला धीर आला. “कोनाले कळते?” तो बायकोला म्हणाला. “कोनतीबी जुनी रुई फडक्यात बांधतो. रुई ते रुई. कुपी खाली होती तरी राज्य चालूनच राह्यलं ना?”

“मले कळते,” सलीमा म्हणाली.

“तू कोनाले सांगनार नाई.”

“मी नाई सांगत. तुमीच जा अन् पंजाबभाईले सांगा ना, कुपी खाली हाये म्हून. दर शुक्रवारी तर सांगता!”

वाहेद गप्प बसला. हे दृश्य पाहायला सलीमाशिवाय कोणी नव्हतं, म्हणून गावाला अजून खरं वाटत नाही.

त्याला भीती कशाची होती? गादी गेल्याची नव्हे. पंजाबराव दुसरी गादी हसत मागून घेईल. पण सात पिढ्यांचं म्हणून ज्या मुठीवर त्यानं आपल्या बहिणी नांदायला पाठवल्या, ती मूठ नेमकी त्याच्या लेकीच्या वेळी, नेमक्या ह्याच दोस्ताच्या हातानं, गप्पा मारता मारता वाऱ्यावर गेली होती. आणि ती म्हातारी! केसरबाईचं हे शेवटचं विरजण. पणतींच्या लग्नाला ती असणार नाही, हे ती स्वतःच हसत सांगे. तिला खरं सांगावं तर तिचं काळीज तुटणार, आणि खोटं द्यावं तर तिच्या हातानं तिलाच फसवायचं. वाहेदनं खोटं द्यायचं ठरवलं. दुकानातल्या एका बेवारस उशीतली पिवळट रुई फडक्यात बांधून त्यानं फळीवर ठेवली.

शेवटचा भाग आला. बाराव्यानं भर दरबारात हुकूम सोडला, कुपी उघडून दाखवा. दाई पुढं आली. तिनं झाकणावर हात ठेवला. दुकानात तिघेही टीव्हीकडे सरकले, आणि पडद्यावर पाटी आली की बाकीचं पुढच्या सीझनमध्ये.

“अरे हॅट्!” पंजाबरावनं टोपी गादीवर आपटली. “इतके महिने येड्यात काढलं का बे आमाले?”

“खाली हाये म्हून उघडली नाई,” वाहेद म्हणाला. पण त्या दिवशी त्याचा आवाज रस्ता ओलांडून गेला नाही, आणि चहावाला हसला नाही.

पंजाबराव निघता निघता दारात थांबला. “उद्या सकाळी मायले आनतो. लय खूश हाये म्हातारी. विरजण काढून ठेवलं ना?”

“काढलं ना,” वाहेद म्हणाला. जन्मात दोस्ताशी इतकं थोडक्यात तो कधी बोलला नव्हता.

शनिवारी सकाळी सगळे आले. सलीमानं फुलाफुलांची नवी खोळ शिवून जमिनीवर पसरली होती, एक बाजू उघडी ठेवून. शेजारी नव्या कापसाचा ढीग. केसरबाई पांढरं, निळ्या काठाचं लुगडं नेसून आली होती. मयुरीच्या खांद्याला धरून ती हळूच खाली बसली, पदर सारखा केला आणि उजवा हात पुढं केला.

वाहेदनं फळीवरचं गाठोडं काढून त्या हातावर ठेवलं. केसरबाईनं फडकं सोडलं, रुई मुठीत घेतली, डोळे मिटले. तिचे ओठ हलू लागले. आजवर प्रत्येक विरजणाला वाहेदनं तिला असं पुटपुटताना पाहिलं होतं. काही वंदना म्हणत असेल, असं त्याला वाटे. मशीनच्या घरघरीत ऐकू कधी आलंच नव्हतं. आज मशीन बंद होतं, आणि वाहेदही बोलत नव्हता.

“जैतूनची सुवर्णाले,” म्हातारी म्हणत होती. “सुवर्णाची कांताले. कांताची प्रेरणाले. प्रेरणाची मयुरीले.”

सुवर्णा आणि कांता पंजाबरावच्या बहिणी, प्रेरणा पुतणी. ते बरोबर होतं. पण जैतून? अख्ख्या वडनेरात जैतून एकच होऊन गेली. ती वाहेदची आई.

हे नाव इथं कसं आलं, हे त्याला कळलं नाही. एवढंच कळलं की त्याच्या आईचं नाव घेऊन कोणीतरी एका बेवारस उशीची रुई मुठीत धरून बसलंय.

“मावशी, थांब,” तो म्हणाला. “टाकू नको ते. ते तुमचं विरजण नाई.”

केसरबाईनं डोळे उघडले.

“तुमची गादी मी मशीनमंदी घातली. विरजण न काढता. लॉजवाल्याच्या कापसात गेली सगळी. मी बोलत होतो मावशी. माहं तोंड चालू होतं, अन् हात आपला चालला. हे त कुठलीबी रुई हाये, मी बांधून ठेवली.”

मग पंजाबराव उठला.

“काल मी इचारलं तुले.”

“हाव.”

“तू काढलं म्हनाला.”

“हाव, पंजाब. खोटं बोललो.”

“सात पिढ्या, वाहेद!” पंजाबरावचा आवाज फाटला. “सात पिढ्या टिकली ते रुई, अन् माह्या पोरीच्याच वक्ती! अन् वरून मायच्या हातात कचरा देतं! दुसऱ्या कोनी केलं असतं त त्याले रस्त्यावर ओढला असता मी. तुले काय करू?” त्यानं मयुरीचा हात धरला. “चाल वं. नाई पाह्यजे गादी. फोमची घेऊ.”

वाहेदला फोमचं नाव ऐकून एरवी झोंबलं असतं. आज तो खाली मान घालून उभा राहिला.

“खाली बस, पंजाब,” केसरबाई म्हणाली.

“माय, तुले कळते का यानं काय केलं?”

“बस म्हनते ना. सात पिढ्या म्हने! लय दिस ऐकून घेतलं तुहं. सात पिढ्या आपल्या घरात गादी तरी होती का रे?”

पंजाबराव उभाच राहिला.

“मी बीबी गावाहून लगीन होऊन आली, तवा तुह्या बापाच्या घरी एक वाकळ होती अन् तरट,” म्हातारी सांगू लागली. आवाज शांत होता, जणू आजवर तोंडात धरून ठेवलेलं एकदाचं खाली ठेवत होती. “तुमी सगळे त्याच्यावरच झोपले; तू लहान होता, तुले याद नसन. सुवर्णाचं लगीन ठरलं तवा मी म्हटलं, माही पोर गादी घेऊन जाईन. वेचनीच्या मजुरीत पैसा नाई घेतला, कापूस घेतला. गफूरभाई आला भराले. आंगनात सगळ्या बाया जमल्या, पाटलाकडच्याबी आल्या पाह्याले. अन् गफूरभाई मले म्हने, केसरबाई, विरजण द्या.”

मयुरी तिच्याजवळ सरकली.

“मी काय देऊ? जुनी गादी कोठून आनू? सगळ्या बाया माह्या तोंडाकडं पाहून राह्यल्या. मी उगी घरात गेली अन् वाकळीच्या चिंध्या चाचपत बसली. वाहेद, तुही माय आंगनात कापसातला कचरा निवडून राह्यली होती. ते उठली. घरी गेली अन् पदराखाली मूठ झाकून आली. तिच्या सोताच्या गादीतली. मागल्या दारानं आत आली, माह्या हातात दाबली अन् कानात म्हने, घरचीच म्हून टाक केसर, कोनाले सांगू नको. मी टाकली. मागून त्यातलीच चिमूटभर घालून घरची गादी भरली. आजपावतर कोनाले सांगतलं नाई. तिनंबी नाई.”

पंजाबराव हळूच खाली बसला.

“मंग मी आजवर...” तो म्हणाला आणि अडखळला. “मी पाहुन्यारावळ्याले जे सांगत फिरलो...”

“ते ऐकवत नव्हतं, म्हून त मी माठाकडं जात होती,” केसरबाई म्हणाली.

सलीमा शिलाई मशीनवरून उठली. मी काय म्हटलं होतं, असं ती म्हणू शकली असती, आणि तिचा तो हक्क होता. पण तिनं दोघा पुरुषांकडे फक्त एकदा पाहिलं. त्या पाहण्यात बाराव्या सम्राटाच्या शालीची घडी पुरती आली. मग ती मागच्या दारातून घरात गेली आणि वाहेदची गादी ओढत ओढत बाहेर घेऊन आली. तीच, जैतूनबीची, मशीन न पाहिलेली. तिनं ती केसरबाईपुढं अंथरली, कात्री घेतली आणि एक कड उसवली.

आतली रुई थोडी पिवळसर होती. वाहेद गुडघ्यावर बसला. हात आत खोल घालून, अगदी मधली, सगळ्यात जुनी रुई त्यानं चाचपून काढली. पिंजलेल्या रुईला ओळख नसते, पण ही त्याच्या हाताला ओळखू आली. त्यानं ती दोन्ही हातांनी केसरबाईपुढं धरली.

म्हातारीनं ती मुठीत घेतली आणि नाकाशी नेली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं, आणि ती हसतही होती. “जैतूनची मयुरीले,” ती म्हणाली. ह्या खेपेला मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

पंजाबराव पुढं सरकला. त्यानं नव्या खोळीचं तोंड दोन्ही हातांनी फाकवून धरलं. केसरबाईनं मयुरीचा हात आपल्या हातात घेतला, आणि दोघींनी मिळून ती मूठ खोळीच्या पोटात पार आत ठेवली. वाहेदनं तिच्यावर पहिली ओंजळ कापूस टाकला.

“बे वाहेद,” पंजाबराव खोळ धरल्या धरल्या म्हणाला. “पुढल्या सीझनले मी भाभीच्या बाजूनं हाये. आताच सांगून ठेवतो.”

“चहा ठेवू का?” सलीमा म्हणाली.

“ठेवा भाभी. अन् साखर जास्त.”

गादी भरून झाली. वाहेद दाभण घेऊन टाके घालायला बसला. मयुरी त्याच्याजवळ येऊन बसली, नेहमी शुक्रवारी बसे तशी, गुडघ्यावर हनुवटी ठेवून. तिला परवा जायचं होतं.

“चाचा,” ती म्हणाली, “मंग आता सांगा. कुपीत काय हाये?”

ज्याच्याकडे प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार असे, त्या वाहेदनं दाभण खाली ठेवलं. मनगटानं डोळे पुसले, तर मनगटावरची रुई डोळ्यात गेली.

“माही माय हाये वं,” तो म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला, की पलीकडच्या चहावाल्याला काहीच ऐकू गेलं नाही.